येऊ का, बिजली?

करुणा सकाळपासून चौथ्यांदा तबेल्याची कडी बघायला उठली. कडी लागलेलीच होती. ती लागलेली आहे हे तिला बसल्या जागेवरून दिसतही होतं, पण दिसणं वेगळं आणि हात लावून बघणं वेगळं, असं तिचं म्हणणं. मागच्या पंधरा दिवसांत या बाईचं बूड एका जागी टेकलं असेल तर शपथ. चहा ओतून घ्यायची, दोन घोट प्यायची, पेला तिथेच ठेवून तबेल्यात जायची, दोऱ्या चाचपायची, परत यायची आणि थंड झालेला चहा कुत्र्याच्या भांड्यात ओतायची. कुत्र्याला चहाची तलफ लागली, एवढंच काय ते पंधरा दिवसांत साधलं.

तबेला म्हणजे पवनीहून कोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची बंद पडलेली राइस मिल. नागपूरच्या एका संस्थेने ती घेऊन तिथे थकलेले घोडे ठेवले होते. दोन टांग्याचे, एक कुणीतरी रस्त्यात सोडून दिलेला, आणि चौथी बिजली. बिजली वरातीची घोडी. पवनीच्या चंद्रकुमार घोडीवाल्याकडे तिने सोळा वर्षं नवरदेव वाहिले. चंद्रकुमार वारला तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, त्या बाजूचं तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. अशी घोडी कोण विकत घेतो? ती इथे आली.

करुणा विणकराच्या घरची, मागाच्या खटखटीत वाढलेली. आठ वर्षं नागपूरला घोडेस्वारीच्या शाळेत राबली, बापाचे गुडघे गेले म्हणून पवनीला परतली, आणि संस्थेने इथलं सगळं तिच्यावर सोपवलं. पगारी माणूस ती एकटी. बाकीची सगळी सेवेला येणारी. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या शोभाताई, त्यांचा पुतण्या अनुप, आणि नदीवरचे धीवर नवरा-बायको, धनीराम आणि बायाबाई. पहाटे जाळं टाकून झालं की हे दोघं सायकलवर डबलसीट यायचे. धनीरामकाका चंद्रकुमारचे लंगोटीयार. मित्र गेला, त्याची घोडी आहे, तिला बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

माणसं सोन्यासारखी. पण सोन्यासारख्या माणसांना नियम कसे पाळायला लावायचे, हे नागपूरच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

भाद्रपदात धनीरामकाकांनी दोरीचा फास मनगटात अडकवून बिजलीला फिरवली. ती बुजली, काका चार पावलं फरफटले आणि मनगट आठ दिवस वांग्याएवढं सुजलं. त्यानंतर पंधरा दिवसांपूर्वी अनुपला लाथ बसली. पंचवीस वर्षांचा घोडा तो, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो, पण अक्कल मोबाइलमध्ये ठेवलेली. फोन कानाला लावून बिजलीच्या उजव्या अंगाने, मागून, एक शब्द न बोलता निघाला. लाथ मांडीवर बसली म्हणून हाड वाचलं. वीतभर वर बसली असती तर शोभाताईंनी सून शोधायचं काम सोडून दिलं असतं.

संस्थेच्या साधनाताईंचा नागपूरहून फोन आला. आवाज शांत, आणि तोच तर त्रास.

"करुणा, ही दुसरी वेळ. अजून एक झालं तर मी घोडे पुण्याकडच्या केंद्रात हलवणार. महिन्याभराने मी येते. एक पूर्ण सकाळ बसून बघते."

पुणं म्हणजे ट्रकमध्ये उभ्याने एक दिवस आणि एक रात्र. टांग्याचे घोडे कदाचित सोसतील. बिजली त्या ट्रकमधून जिवंत उतरेल असं करुणाला वाटत नव्हतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तेव्हापासून तिला एका जागी बसवत नव्हतं.

तर आधी तिने बोर्ड लावला. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, स्वतः रंगवलेली. घोड्याजवळ जाण्याआधी बोला. मागून जाऊ नका. दोरी हाताला गुंडाळू नका. एका झटक्यात सुटेल अशीच गाठ मारा. गमबूट घाला. यातला गमबुटाचा नियम सगळ्यांनी मनापासून पाळला, कारण गमबूट नवे होते आणि संस्थेने फुकट दिले होते. बाकीचे नियम सोमवारी पाळले गेले, मंगळवारी निम्मे, आणि गुरुवारी पाहावं तर अनुप बिजलीच्या शेपटामागून शीळ घालत चाललेला.

"अनुप, काय करून राहिला तू?"

"ताई, मले एकदा बसली ना लात. आता मले माहीत आहे ती कुठून मारते."

यावर काय बोलणार, कपाळ? शोभाताईंची वेगळीच तऱ्हा. त्यांनी बांधलेला घोडा सोडवायला करुणाला दात लावावे लागले. त्याही विणकराच्याच घरच्या, आणि विणकराची निरगाठ ती, पाण्यात भिजवली तरी हलायची नाही.

"ताई, घोडा अडकला, घाबरला, तर ही गाठ सुटणार कशी?"

"सुटाले कायले पायजे? सुटली तं तिले गाठ म्हणत नाही, वं करुणा. साठ वर्षांत माह्या हातची गाठ सुटली नाही."

आणि धनीरामकाका? ते बोर्डासमोर हात जोडून उभे राहायचे, सगळं वाचायचे, मान डोलवायचे, आत जायचे आणि दोरीचा फास मनगटात अडकवायचे. ज्या मनगटावर अजून वळ होता त्याच मनगटात.

मग तिने तक्ता केला. रोजची तारीख, नाव, नियम पाळले म्हणून सही. शनिवारी बघते तर रविवारपर्यंतच्या सह्या झालेल्या. विचारलं तर बायाबाई म्हणाली, "रोज रोज कोण करते, बाई? आमी सोमवारीच सात दिवसांच्या करून टाकल्या." त्या रात्री करुणाला झोप लागली नाही. ओरडून बघितलं, समजावून बघितलं, एकदा तर रडूही आलं. माणसं वाईट वाटून घेत, दोन दिवस सांभाळून वागत, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हातात पंधरा दिवस उरले होते.

कडी चौथ्यांदा बघून झाल्यावर तिने ठरवलं, आता धनीरामकाकांना एकदा खडसावायचंच. ते अजून आले नव्हते. ती गाडीला किक मारून तडक नदीवर गेली. भांडण रस्त्यातच पाठ करून झालं होतं.

वैनगंगेवर धुकं उतरत होतं. काठापासून थोड्या अंतरावर डोंगा दिसला. मागे बायाबाई वल्हं धरून बसलेली, पुढे काका उभे. त्यांनी जाळ्याच्या दोरीचा फास डाव्या मनगटात घातला, जाळ्याचा घेर कोपरावर घेतला आणि विचारलं, "फेकू का?"

बायाबाईने वल्हं टेकवून डोंगा थोपवला आणि म्हणाली, "फेका."

जाळं गोल उघडून पाण्यावर पडलं. करुणा काठावर उभी राहून बघत राहिली. पुन्हा तसंच. फेकू का? फेका. तिसऱ्या वेळी बायाबाईचं लक्ष काठावर गेलं, करुणा दिसली, आणि ही बाई इथं कायले आली या विचारात ती उत्तर द्यायचं विसरली. काका एवढं जड भिजलेलं जाळं हातावर तोलून तसेच उभे. फेकलं नाही. वळून बघितलंही नाही. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "फेकू का?" आणि "फेका" आलं तेव्हाच जाळं हातातून गेलं.

पाठ केलेलं भांडण करुणा विसरली.

डोंगा काठाला लागल्यावर तिने विचारलं, "काका, दोरी मनगटात काहून घालता?"

"मंग? हातातून सुटली तं जाळंच गेलं. माह्या बापानं पैल्या दिवशी सांगतलं होतं, दोरी मनगटात नाही तं ताटात भात नाही."

"अन त्या टोकाले तुमच्यापेक्षा ताकदीचं काही असलं तं?"

काकांनी डोकं खाजवलं. "झालं होतं एकदा. पुरात मोठा ओंडका अडकला. मले ओढूनच नेत होता. हिनं विळ्यानं दोरी कापली म्हणून वाचलो."

"काका, बिजली तो ओंडका आहे."

मनगटावरचा वळ काकांनी अंगठ्याने चोळला. बायाबाई मासे टोपलीत टाकता टाकता हसली.

"अन हे 'फेकू का' कधी चुकत नाही का?" करुणाने विचारलं.

"चुकलं ना. लग्नाच्या नव्यात. न विचारता फेकलं, डोंगा डोलला, ही पाण्यात. आठ दिवस मले हिच्या हातचं जेवण भेटलं नाही." काका गंभीरपणे म्हणाले. "तवापासून नाही चुकलो."

"मग माझ्या बोर्डावरचं कसं चुकता?"

"बोर्ड मले वाचता येते, बाई. पण बोर्ड काही मले 'फेका' म्हणत नाही."

घ्या. आठ वर्षांचं नागपूरचं शिक्षण एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. करुणा गाडीवर बसली तेव्हा तिला स्वतःचाच राग आला होता. ती बोर्डाला बोलायला लावत होती, आणि माणसं एकमेकांशी बोलायला बसलेलीच होती.

दुपारी तिने बोर्ड काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि सगळ्यांना अंगणात बसवलं. आता एकट्याने आत जायचं नाही. जोडीनं जायचं. कडी उघडण्याआधी एकाने विचारायचं, येऊ का, बिजली? म्हणजे घोडीलाही कळतं की कुणी आलं. जोडीदाराने दाराच्या गजांमधून घोडीचे कान बघायचे, पाय बघायचे, आणि सगळं ठीक असेल तर म्हणायचं, ये. ये आलं नाही तर जाळं हातावर घेऊन उभं राहायचं, काकांसारखं. घोडी बिथरली तर तिला मोकळी सोडून भिंतीकडे सरकायचं आणि थांबायचं. "अन कोणी चुकलं तं ज्याले दिसलं त्यानं थांबवायचं. कोणीही असो. मलेही."

"तुमाले कोण थांबवन, बाई?" धनीरामकाका हसले. "तुमी इथल्या मालकीण."

"मालकीण बिजली आहे," करुणा म्हणाली. त्यांना ते पटलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

दोरीचं काकांनी स्वतःच मनावर घेतलं. फिरवायला दोरी घेतली की ती तळहातावर दुमडून धरायचे आणि स्वतःशी पुटपुटायचे, ओंडका, ओंडका. राहिली गाठ. त्यासाठी करुणाने आपल्या बापाला, टिकारामजींना, ऑटोत घालून आणलं. गुडघे गेले तरी जीभ शाबूत असलेला विणकर तो.

"शोभाबाई," ते म्हणाले, "मागावर ताणा ज्या दोरीनं ताणून ठेवता, तिले कोणती गाठ मारता तुमी?"

"सुरगाठ."

"काहून? निरगाठ काहून नाही?"

"हातभर कापड विणून झालं का ताण ढिला करा लागते ना. दर वेळी गाठ कापत बसू का?"

"मंग घोडा काय वेगळा आहे? ताण आला का सोडा लागते."

शोभाताई करुणावरच उखडल्या. "हे असं सांगायचं ना आधी. बोर्डावर काय लिहून ठेवलं होतं, एका झटक्यात फलाणं बिस्ताणं." त्या दिवसापासून तबेल्यात सुरगाठ आली.

पण म्हणून करुणाला स्वस्थता आली असं कुणी समजू नये. येऊ का, ये, येऊ का, ये, असं दिवसभर ऐकू येई, आणि एखाद्या वेळी ऐकू आलं नाही की ती जेवणाच्या ताटावरून उठून पळे. अनुप चौथ्या दिवशी विसरला. बायाबाईने त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं आणि पुन्हा विचारायला लावलं. दहाव्या दिवशी तो फोनवर बोलता बोलताच येऊ का म्हणाला, तर बायाबाई म्हणाली, "आधी त्या फोनवाल्याले विचार, मंग घोडीले," आणि त्याच्या हातातून फोन काढून घेतला. करुणा हे सगळं बघे, आणि रात्री अंथरुणात पडून साधनाताईंच्या समोर काय काय चुकेल याची उजळणी करी.

तो दिवस आला. साधनाताई पन्नाशीच्या, कापलेले केस, तोंडावर काही म्हणता काही दिसू न देणाऱ्या. प्लास्टिकची खुर्ची अंगणात टाकून वही उघडून बसल्या. चहा घेतला नाही. करुणा त्यांच्या मागे उभी राहिली, मग बाजूला, मग तबेल्याच्या दारात, मग पुन्हा मागे.

"करुणा, बस ना," साधनाताई म्हणाल्या.

"हो," ती म्हणाली आणि उभीच राहिली.

दहा वाजेपर्यंत एक चूक नाही. टांग्याचे घोडे बाहेर आले, फिरले, आत गेले. मग धनीरामकाकांनी खराऱ्यासाठी बिजलीला अंगणातल्या खांबाशी आणलं. शोभाताईंनी सुरगाठ मारली. अनुपने फाटक बंद करून कडी घातली. साधनाताईंचा पेन दोनदा हलला. काय लिहिलं ते करुणाला दिसलं नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून बँड आला. लग्नसराईच ती. कोंढ्याची वरात पवनीला निघालेली, ट्रॅक्टरवर वाजंत्री, मागे नाचणारी पोरं. बिजलीने कान टवकारले. सोळा वर्षं तिने या आवाजावर पाय उचललेत, ती काय विसरणार? पुढचे पाय आपटत ती नाचायला लागली, मान झटकायला लागली, दोरीला ताण बसला. शोभाताईंनी लांबूनच हात घालून सुरगाठ ओढली, गाठ सुटली, आणि सगळी माणसं ठरल्याप्रमाणे भिंतीकडे सरकली. घोडी मोकळी, पण फाटक बंद. करायचं ते सगळं नीट झालं होतं. आता फक्त थांबायचं होतं.

आणि करुणाला थांबणं जमलं नाही. तिला दिसली ती फक्त मोकळी सुटलेली घोडी आणि साधनाताईंचा पेन. डोळ्यांपुढे पुण्याचा ट्रक उभा राहिला. ती धावली. बिजलीच्या उजव्या अंगाने धावली, एक शब्द न बोलता, आणि जमिनीवर घासत चाललेली दोरी उचलून हाताला दोन वेढे मारले.

"करुणा, थांब."

हा आवाज कुणाचा हे तिला आधी कळलंच नाही. धनीरामकाकांनी तिला कधी बाईशिवाय हाक मारली नव्हती, आणि एवढ्या मोठ्याने तर त्यांना कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. नदीच्या पलीकडच्या काठाला हाक द्यावी तसा तो आवाज होता.

"दोरी सोड. पैले सोड."

तिने हाताकडे बघितलं. दोन वेढे. आठ वर्षं ज्या हाताने नागपूरच्या पोरांच्या हातातले वेढे सोडवले, तोच हात. तिने वेढे सोडले आणि तळहात उघडला. तेवढ्यात रस्त्यावर फटाक्यांची लड लागली. बिजली चारी पायांवर उसळली, दोरी तळहातावरून सरसरत निघून गेली, कातडं थोडं सोलवटून गेलं. हात जागेवर राहिला.

बिजली अंगणाच्या टोकाला जाऊन रस्त्याकडे तोंड करून नाचत राहिली. कुणी हललं नाही. वरात पुढे गेली, बँड लांबत गेला. धनीरामकाका तिच्या डाव्या बाजूला जाऊन दहा पावलांवर उभे राहिले.

"येऊ का, बिजली?"

बायाबाईने कान बघितले. "थांबा."

काका थांबले. घोडीने एक लांब श्वास सोडला, मान खाली घातली.

"या आता," बायाबाई म्हणाली.

काकांनी जाऊन दोरी तळहातावर दुमडून घेतली. मग मात्र ते घोडीच्या मानेला टेकूनच उभे राहिले.

करुणा साधनाताईंसमोर आली. हात मागे लपवावासा वाटला, पण तिने तो पुढे केला. "नियम मी मोडला," ती म्हणाली. "बाकी कोणाचं काही चुकलं नाही. घोडे हलवायचे तर त्यात यांना दोष देऊ नका."

साधनाताईंनी हात बघितला, मग काकांना बोलावलं. "तुम्ही करुणावर ओरडलात?"

काका पार ओशाळले. टोपी काढून हातात घेतली. "ओरडलो जी. माफी करा. पण तिनंच सांगतलं होतं, मलेही म्हणून."

साधनाताईंनी वही मिटली. "मुख्य माणसानं नियम मोडला, हे मला सगळीकडे सापडतं. तो मोडणाऱ्याला कुणी थांबवलं, हे पंधरा वर्षांत मी कुठे बघितलं नाही. घोडे इथेच राहतील." मग त्या उठल्या आणि बिजलीच्या मानेवर हात फिरवायला निघाल्या. चार पावलं गेल्या असतील नसतील, बायाबाई आडवी आली.

"येऊ का म्हणा, बाई."

साधनाताईंनी म्हटलं. नागपुरी साहेबीण ती, पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी करुणा नेहमीपेक्षा लवकर आली. हाताला पट्टी होती. कडी लागलेली होती, आणि तिने ती चाचपून बघितली नाही. आतून बिजलीच्या पायांचा आवाज आला, भूक लागली की ती तसा करते. करुणा कडीपर्यंत गेली. हात उचलला.

"येऊ का, बिजली?"

ये म्हणायला कुणी नव्हतं. अजून कुणी आलंच नव्हतं. काल परवाची करुणा असती तर एव्हाना आत जाऊन चारा टाकून बाहेर आली असती. तिने हात खाली घेतला, दाराशेजारी ठेवलेल्या पोत्यावर बसली आणि घरून आणलेल्या डब्यातला चहा ओतला. पहिला पेला पूर्ण प्याली. दुसराही प्याली. कुत्रा समोर येऊन बसला होता, त्याला काही मिळालं नाही.

अर्ध्या तासाने फाटकाबाहेर सायकलची घंटी वाजली. मागे बसलेल्या बायाबाईने खाली उतरायच्या आधीच मान उंच करून दाराकडे बघितलं, गजांमधून दिसणारे घोडीचे कान बघितले, आणि मग तिथूनच म्हणाली, "ये, पोरी."